आग्र्याच्या बाई

"आग्र्याले गेलती का?"

शाळेत रुजू झाले त्या दिवशी कुणी माझं नाव विचारायच्या आधी बाईंनी मला हे विचारलं. मधली सुट्टी होती. स्टाफरूममधल्या बाकीच्या मॅडम टेबलाभोवती डबे उघडून बसल्या होत्या आणि या खिडकीशी उभ्यानं जेवत होत्या.

"हो," मी म्हणाले. "लग्न झाल्यावर गेलो होतो. ताजमहाल पाहिला."

"अजून काय पाह्यलं?"

"अजून... तेवढंच. दुपारची गाडी होती परतीची."

बाईंनी डब्याला झाकण लावलं. "मंग नाई गेलती," म्हणाल्या आणि हात धुवायला निघून गेल्या.

समुद्रपूरच्या त्या शाळेत आम्ही सगळ्या मॅडम होतो, त्या एकट्या बाई. उंच, हाडकुळ्या, सुती साडी, पायात पुरुषांचे असावेत तसे सँडल. हातात लांब दांड्याची काळी छत्री. ऊन असो, पाऊस असो, नाहीतर दोन्ही नसो. आणि बाकीच्या बायकांच्या गळ्यात जिथं मंगळसूत्र असतं तिथं बाईंच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली शिट्टी. त्या पी.टी. शिकवत नव्हत्या. इतिहास शिकवायच्या. शिट्टी फक्त वर्षातून तीन दिवस वाजायची, आग्र्याला. पण गळ्यात मात्र बाराही महिने असायची.

मोगल घराण्याविषयी त्या शेजारच्या घराविषयी बोलावं तसं बोलायच्या. वर्गात पुस्तकी मराठीनं सुरुवात व्हायची आणि दोन मिनिटांत गाडी घरच्या बोलीवर यायची. "हुमायून जिन्यावरून पडला. एवढा मोठा राजा, पण पाय पाहून टाकत नाई. त्याच्या बायकोनं काय करावं मंग? तेरा वर्साचं पोरगं पदरात." मुली परीक्षेतही तसंच लिहायच्या आणि बाई त्यांना पूर्ण गुण द्यायच्या. बाजारात किराणा दुकानाचे शेठ त्यांना सामान बांधून देताना हसत विचारायचे, "बाई, तुमचा अकबर काय म्हणते?" बाईंना त्यातली थट्टा कळत नसावी, किंवा कळूनही त्या सोडून देत असाव्यात. "बरा आहे," म्हणायच्या. "सध्या सलीमचं टेन्शन हाये त्याले." आठवीला तोच धडा चालू असायचा.

दरवर्षी संक्रांत झाली की त्या नववीच्या मुलींना घेऊन आग्र्याला जायच्या. समुद्रपूरहून एस.टी.नं वर्धा, वर्ध्याहून दिल्लीकडे जाणारी गाडी. आजूबाजूच्या खेड्यांतल्या मुली, कापूस वेचून हात चिरलेले, बऱ्याच जणी पहिल्यांदा आगगाडीत बसणाऱ्या. घरातून परवानगी मिळवायला बाई स्वतः गावोगाव जायच्या. एखादा बाप नाहीच म्हणाला तर त्याच्या ओसरीवर छत्री टेकवून बसायच्या. तो हो म्हणेपर्यंत उठायच्या नाहीत, चहाही घ्यायच्या नाहीत.

आणि त्यांचा एक नियम होता. ताजमहाल शेवटी. आधी नदीकाठची बाबराची बाग, मग अकबराचा किल्ला, मग सिकंदऱ्याला अकबराची कबर, मग नूरजहाननं आपल्या आईबापांसाठी बांधलेली ती पांढरी, नाजूक इमारत, आणि हे सगळं झाल्यावर ताजमहाल. बाबराच्या बागेत पाहण्यासारखं फार काही नाही. वाळकं गवत, पाण्याचे कोरडे पाट, पलीकडं यमुना. पोरी चुळबुळायच्या, "बाई, ताजमहाल कवा?" बाई छत्री उंच धरायच्या. "खापरपणजाले न भेटता खापरपणतूच्या घरी जेवाले बसता का तुम्ही? या इकडं."

गंमत अशी की ताजमहालाच्या दारात त्यांचं बोलणं संपायचं. मुलींना आम्हा मॅडमबरोबर आत सोडून त्या स्वतः बाहेर पिशव्यांपाशी बसायच्या. डबे, खाऊ, सामान आत नेऊ देत नाहीत, कुणीतरी राखण बसायलाच हवं. "मी पाह्यलेला आहे," म्हणायच्या. पहिल्या वर्षी पाहिला होता, एवढंच.

एकदा परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं होतं, आग्राच का? मुली झोपेला आल्या होत्या, बाहेर भोपाळच्या अलीकडचं सपाट रान पळत होतं. बाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आम्ही पाच भावंडं. मी मधली. घरी मले कोनी बोलूच देत नोतं. बोलाले लागली की कोनीतरी मधातच दुसरं काहाडे. नोकरी लागली रोहण्याच्या शाळेत. पहिल्या वर्षी सहल नेली आग्र्याले. किल्ल्यात उभी राह्यली, वाचलेलं होतं ते सांगाले लागली. सांगता सांगता पाह्यलं तर तीस पोरी माह्याकडं पाहून राह्यल्या. कोनी हालून नाई राह्यलं." मग म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षी पुन्हा गेली."

एकदा त्यांना ताप आला तेव्हा शाळेतून मी त्यांच्या घरी गेले. स्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्या. भिंतीवर चार्टपेपर जोडून त्यांनी हातानं काढलेला आग्र्याचा नकाशा. घरात खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छातीइतके रचलेले. ती कुणी बसण्यासाठी नव्हतीच. ताटाळ्यात ताट एक. मी पेज करून दिली तेव्हा स्वतःसाठी चहा घ्यायला दुसरा कप सापडेना. "वाटीत घे," बाई पलंगावरून म्हणाल्या, "मी कप धुते तवर." तापात उठून त्या कप धुवायला निघाल्या होत्या. भाऊबीजेला वर्ध्याला भावाकडं सकाळच्या बसनं जायच्या आणि दुपारच्या बसनं परत यायच्या. कशी झाली भाऊबीज, असं विचारलं तर म्हणायच्या, "झाली."

आता किल्ल्यातलं सांगते.

ती माझी तिसरी सहल. बेचाळीस मुली. किल्ल्यातला तो अष्टकोनी बुरूज आहे, जिथं औरंगजेबानं बापाला कैदेत ठेवलं होतं, तिथून नदीच्या वळणावर ताजमहाल दिसतो. त्या दिवशी धुकं होतं, म्हणून किल्ला मागं ठेवून बाकीचं आधी उरकलं होतं. दुपारी ते विरळ झालं आणि एकदम तो दिसला तशा मुली किंचाळल्या. बाईंनी शिट्टी फुंकली. "आता दिसला नं? शहाजहानलेबी एवढाच दिसत होता. आठ वर्सं. चला, आता जवळून पाहू."

निघताना किल्ल्याच्या दारात मुली मोजायचं काम माझं होतं. मुली दोन-दोनच्या जोडीनं बाहेर येत होत्या आणि त्याच वेळी माझा फोन वाजला. घरून नवऱ्याचा. मुलीचा स्वेटर सापडत नव्हता, कुठं ठेवलाय विचारत होता. कपाटात खालच्या कप्प्यात, नाही, उजवीकडं, असं सांगत सांगत मी हातानं डोकी मोजल्यासारखं केलं. शेवटची जोडी गेली. "बेचाळीस, बाई. भरल्या."

बसमधून ताजमहालाच्या दाराशी उतरताना बाईंनी मोजल्या. एकेचाळीस. पुन्हा मोजल्या. प्रणाली नव्हती. शेवटच्या बाकावरची, अबोल पोरगी.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. "तू यांच्यापाशी थांब. एकीलेबी हालू देऊ नको," एवढं म्हणून त्या रिक्षात बसून गेल्या.

दीड तास लागला. आम्ही रस्त्याच्या कडेला मुलींना गोल बसवून ठेवलं होतं. ऊन उतरत गेलं, आत जाणाऱ्यांची रांग आटली. शेवटी बाई आल्या. प्रणालीच्या कमरेभोवती बाईंची शाल गुंडाळलेली होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. जहांगिरी महालाच्या एका कोपऱ्यातल्या खोलीत ती भिंतीला पाठ लावून बसून राहिली होती. तिची पाळी सुरू झाली होती, पहिल्यांदाच. काय झालंय तिला कळलं नव्हतं. कपड्यावर डाग पडला म्हणून ती लपली होती आणि आपल्या नावानं शिट्टी ऐकू येत असूनही उठली नव्हती. झाडणाऱ्या एका बाईनं तिला पाहिलं होतं आणि शेजारी बसून राहिली होती.

दार बंद झालं होतं. दुसरा दिवस शुक्रवार, ताजमहाल बंद. दुपारी परतीची गाडी. बेचाळीस मुली ताजमहाल न पाहता समुद्रपूरला आल्या.

पालक शाळेत आले. पोरगी हरवली होती ही गोष्ट तोवर तालुकाभर झाली होती. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"किल्ल्यातून निघताना मुली कोणी मोजल्या?"

मी तोंड उघडलं होतं. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय, की मी उघडलं होतं. माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुरी व्हायला चार महिने उरले होते. कायम व्हायचं होतं.

"मी," बाई म्हणाल्या. "मोजणी माही चुकली."

"आणि पोरगी मागं राहिलीच कशी?"

"पोरं हायेत, सर. राह्यते मागं." पाळीबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत. ते सांगितलं असतं तर निम्मा राग तिथंच विरला असता. पण ते प्रणालीचं होतं, आणि खोलीत दोन पालक, दोन पुरुष, उभे होते.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी म्हणाले, "बाई..." त्या म्हणाल्या, "तुहा तास हाये नं आता? जा."

पुढच्या वर्षी डिसेंबरात सहलीची सभा झाली. पालकांचं म्हणणं पडलं की आग्रा लांब पडतं, गाडीत रात्र काढावी लागते, जबाबदारी कोण घेणार. नागपूरजवळ वॉटर पार्क आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मुलींनाही तेच हवं होतं, हेही खरं. सर म्हणाले, "ज्यांना वॉटर पार्क योग्य वाटतं त्यांनी हात वर करा." आठ हात वर गेले. मी खाली पाहत होते. मग सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी हात वर केला.

बाईंनी ते हात सवयीनं मोजले. ओठ हलताना मला दिसले. मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या वर्षी संक्रांतीनंतर मुली वॉटर पार्कला गेल्या, बाई गेल्या नाहीत. एप्रिलअखेर त्या निवृत्त झाल्या. शाल, श्रीफळ, भाषणं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना ताजमहालाची मोठी फ्रेम दिली, रंगीत दिव्यांची, पिन लावली की पेटणारी. बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली, कडेनं निरखली. "याचे मिनार आतल्या बाजूनं झुकवले हायेत," म्हणाल्या. "खऱ्याचे बाहेर झुकते. पडले तर कबरीवर पडू नये म्हणून." सगळे हसले. बाईंनी हसण्यासारखं काही सांगितलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर त्या मला बाजारात भेटल्या, पातळ पोह्यांच्या दुकानात. चिवड्याचं सामान घेत होत्या.

"पाहुणे येणार आहेत का, बाई?"

"माह्याकडं कोन पाहुणे? मंगळवारी आग्र्याले चालली."

"कुणाबरोबर?"

"कोनाबरोबर म्हंजे? बादशहा काय रिटायर झाले का माह्यासंगं?"

त्या हे हसत म्हणाल्या नव्हत्या. मी तिथंच, शेंगदाण्यांच्या पोत्याला टेकून म्हणाले, "मी येऊ का?"

"तीनदा तर आली तू."

"तीनदा मुलींच्या मागं धावत होते. पाहिलं कुठं?"

बाईंनी पिशवीत पुडा ठेवला. छत्रीची मूठ एकदा डाव्या हातातून उजव्यात घेतली. "ये," म्हणाल्या. "पण ताजमहाल शेवटी."

गाडीत त्यांनी डबा उघडला. कोथिंबीर भरलेली सांबारवडी, दशम्या, लसणाची चटणी. दोघींना पुरून दहा जणींना पुरेल एवढं होतं. त्यांनाही ते डबा उघडल्यावरच लक्षात आलं असावं. समोरच्या बाकावर बल्लारशाहून दिल्लीला चाललेलं एक कुटुंब होतं, बाईंनी त्यांना वाढलं. सकाळी आग्र्याच्या फलाटावर उतरल्या आणि डब्याच्या दाराशी उभ्या राहून खाली उतरणाऱ्यांकडं पाहत राहिल्या. मी उतरले. माझ्यामागं हमाल उतरला. मग त्या चालू लागल्या.

बाबराच्या बागेत आम्ही दोघीच होतो आणि लांब कुणीतरी पाइपनं पाणी घालत होता. बाई नेहमीच्या जागी, चबुतऱ्याच्या पायरीवर चढल्या. छत्री वर केली. आणि सुरू झाल्या. फरगण्याहून निघालेला बाबर, त्याला इथला उकाडा कसा सहन झाला नाही, त्याला घरच्या खरबुजांची आठवण कशी यायची. तोच चढता आवाज, बेचाळीस जणींपर्यंत पोचेल असा. माळ्यानं पाणी थांबवून पाहिलं. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. मध्येच त्या म्हणाल्या, "मागच्यायले ऐकू येऊन राह्यलं का?"

आणि थांबल्या. माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं. मागं गवत होतं.

"येतंय, बाई," मी म्हणाले.

"हाव," त्या म्हणाल्या आणि हळू आवाजात उरलेलं पुरं केलं. त्यानंतर कुठंच त्यांनी छत्री वर धरली नाही.

किल्ल्यात आम्ही फार थांबलो नाही. जहांगिरी महालापाशी बाई सरळ पुढं निघून गेल्या.

सिकंदऱ्याला अकबराच्या कबरीकडं एक उतरता बोळ जातो. वर एवढा रंग, एवढी नक्षी आणि खाली मात्र एक उंच, कोरी, थंड खोली. मध्ये कबर आणि तिच्यावर टांगलेला एक दिवा. माणसं येतात, दहा पावलं चालतात, काही नाही म्हणून परततात. एक घोळका असाच परतला आणि आम्ही दोघी उरलो. बाई काही बोलत नव्हत्या. इथं त्या कधीच बोलायच्या नाहीत, मुलींनाही बोलू द्यायच्या नाहीत.

मी बोलले. "बाई, त्या दिवशी मी मोजलंच नव्हतं. मी फोनवर होते."

आवाज छताला जाऊन परत आला. माझंच वाक्य मला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं.

"मले माहीत हाये," बाई म्हणाल्या.

"तुम्ही पाहिलं होतं?"

"फोन पाह्यला होता. मी दरवेळी तुह्या मागून मोजत होती, दोन वर्सं. तुले दिसू देत नोती, तुले वाईट वाटन म्हनून. त्या दिवशी नाई मोजलं. म्हटलं, आता हिचं हिले करू दे. माह्यानंतर पोरी इथं हिलेच आनायच्या हायेत." दिव्याकडं पाहत त्या म्हणाल्या, "म्हनून सरायले म्हटलं, माही चुकली. खोटं नाई बोलली मी."

मला रडू आलं. बाईंनी मला रडू दिलं. जवळ आल्या नाहीत, पाठीवर हात ठेवला नाही. मग म्हणाल्या, "मोजलं नाई त्याचं मले काही नाई. पोरगी सापडली. पन सभेत तू हात वर केला, त्याचं लागलं. सगळ्यायचे झाल्यावर केला. म्हंजे इचार करून केला."

मी डोळे पुसले.

"चाल," त्या म्हणाल्या. "इथं जास्त थांबलं की सर्दी होते."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताजमहाल. छत्री आणि पिशव्या बाहेरच ठेवायच्या खिडकीत जमा केल्या. लाल दरवाजापाशी बाई नेहमीसारख्या थांबल्या. मी म्हणाले, "बाई, आज राखायला काही नाही." त्यांनी रिकाम्या हातांकडं पाहिलं आणि माझ्यामागून आत आल्या.

किती वर्षांनी, कोण जाणे. त्यांना काय वाटलं हे मला सांगता येणार नाही, कारण त्यांनी ते सांगितलं नाही. पाण्याच्या कडेकडेनं त्या भिंत धरून चालणाऱ्या माणसासारख्या चालल्या. आत जाऊन आल्या. मग मागच्या बाजूला, यमुनेकडच्या कठड्याशी उभ्या राहिल्या. नदीच्या वळणावर लांब किल्ला दिसत होता, तपकिरी. या बाजूनं किल्ला पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं.

तेवढ्यात तिथं एक शाळा आली. निळे स्वेटर घातलेल्या पंचवीसेक मुली. त्यांची मॅडम कुणाला तरी शोधायला पलीकडं गेली होती. दोघी मुली आमच्या शेजारी कठड्याला टेकल्या. एक म्हणाली, "ये किसने बनवाया था?" दुसरी म्हणाली, "अकबर ने."

बाईंच्यानं राहवलं नाही. "अकबर ने नहीं, बेटा. अकबर तो दादा था. बनवाया पोते ने."

मुलींनी वळून पाहिलं. "आपको कैसे पता?"

"वो किला दिखता क्या? वहां जाके आए क्या तुम लोग?"

"नहीं. सीधे यहीं आए."

"दादा के घर गएच नहीं?" बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या त्या वऱ्हाडी हिंदीत सुरू झाल्या. त्या किल्ल्यात एक म्हातारा बसलाय. त्याला पोरानंच कोंडलंय. बरोबर एक मुलगी आहे, जहांआरा, ती बापाला सोडून गेली नाही. तो म्हातारा रोज तिकडून इकडं पाहतो. तुम्ही आत्ता जिथं उभ्या आहात ना, तिथं पाहतो. दोनाच्या चार मुली झाल्या, चाराच्या दहा, मग सगळ्याच. मुली आळीपाळीनं किल्ल्याकडं आणि बाईंच्या तोंडाकडं पाहत होत्या. बाईंचा हात वर गेला होता, छत्री नसलेला. पाठ सरळ झाली होती. काल बाबराच्या बागेत खाली बसलेला तो आवाज परत आला होता.

मग त्यांची मॅडम आली. "चलो चलो, लाइन में! बस का टाइम हो गया." तिनं बाईंकडं पाहून नमस्कार केल्यासारखं केलं आणि टाळ्या वाजवत मुलींना हाकलायला लागली. रांग लागली, चालू लागली. ती पहिली मुलगी मागं वळून ओरडली, "फिर क्या हुआ उसका?"

"मर गया," बाई म्हणाल्या. "फिर उसको नाव में..." मुली वळणाआड गेल्या. बाई बोलायच्या थांबल्या.

माझ्याकडं वळून त्यांनी ते वाक्य पुरं केलं असतं तर बरं झालं असतं. तसं केलं नाही त्यांनी. नावेतून त्याला इथंच आणून पुरलं, हे मला माहीत होतं, मी तीनदा ऐकलेलं होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, रांग गेली त्या दिशेला पाहत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "चाल, गाडी चुकन."

वर्ध्याला उतरलो तेव्हा फलाटावर माझा नवरा आणि मुलगी न्यायला आले होते. मुलगी येऊन बिलगली, पेठा आणला का विचारू लागली. मी वळून म्हणाले, "बाई, आमच्याबरोबर चला, गाडीत जागा आहे." बाई दोन पावलं मागं उभ्या होत्या. "नाई, बस मिळते मले," म्हणाल्या आणि माझ्या मुलीकडं पाहून, "हिले नीट दाखवजो एकदा," असं म्हणून गर्दीत निघून गेल्या.

त्याच आठवड्यात मी मुख्याध्यापकांकडं गेले आणि किल्ल्यातलं खरं खरं सांगितलं. सर कसल्या तरी पत्रकावर सह्या करत होते. हातातली सही पुरी करून म्हणाले, "मॅडम, आता त्याचं काय? झालं ते." पुढच्या सहलीसाठी आग्रा सुचवलं तर म्हणाले, "पालक नाही ऐकायचे." यंदाही वॉटर पार्क झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा बाईंच्या घराला कुलूप होतं आणि त्या कुठं आहेत ते कुणाला ठाऊक नव्हतं. मग एक दिवस वर्ध्याचा त्यांचा भाऊ शाळेत आला. पांढऱ्या केसांचा, त्यांच्याच उंचीचा. स्टाफरूमच्या दारात उभा राहून म्हणाला, "ताईसंगं आग्र्याले कोन गेलतं?"

मी उठले.

"तिनं तिथं खोली केली. सिकंदऱ्याजवळ. कोन्या रिटायर मास्तरच्या घरी, वरच्या मजल्यावर. आमाले सांगतलंबी नाई, आता फोन करून सांगते. या वयात एकटी बाई मानूस, तिथं काऊन राह्यली असन, तुमीच सांगा. तुमी काही बोलल्या का तिले?"

मी नाही म्हणाले. नवा नंबर त्यानं मला लिहून दिला. "तुमचं ऐकन तं पाहा. दिवाळीले तरी ये म्हना."

घरी येऊन मी फोन लावला. दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा बाईंनी उचलला. मागं रस्त्याचा गोंगाट होता.

"बोल."

"बाई, कशा आहात?"

"बरी हाये. इथं रोज शाळा येते. मी दाराशी बाकावर बसते. एखाद्या मॅडमले एकटीनं पोरी आवरत नसल्या तर इचारते, सांगू का म्हनून. काई काई नाई म्हनते. काई हो म्हनते. कालच्यायनं चांगलं ऐकलं. झाशीकडच्या होत्या."

"जेवणाचं काय?"

"मास्तरीनबाई देते डबा. मी एकटी, तरी दोन डबे भरून देते." त्या जरा हसल्या. बाईंना फोनवर हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

भाऊ आल्याचं मी सांगितलं. दिवाळीचं सांगितलं. त्या हूं म्हणाल्या. मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं.

"बाई, तिथं एकटं नाही वाटत?"

पलीकडं रस्त्यावर हॉर्न ऐकू येत होते, कुणी तरी हातगाडीवरून ओरडत चाललं होतं.

"वाटते नं," बाई म्हणाल्या. "समुद्रपूरलेबी वाटत होतं. तिथं वाटलं का घरात बसून राहत होती. इथं वाटलं का उठते अन् जाते."